अंगणात हरवलेली विहीर कशी शोधावी : ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या जागांसाठी

बाळकुमला आमच्या जुन्या घराची दुरुस्ती काढली होती. विटांचा टेम्पो अंगणात शिरला आणि त्याचं मागचं डावं चाक हातभर खाली गेलं. ड्रायव्हर म्हणाला, माती ओली आहे. चाक बाहेर काढून खड्ड्यात हात घातला तर बोटांना कुजलेल्या लाकडाचा भुगा लागला. त्या सागाच्या फळ्या होत्या आणि त्यांच्याखाली आजोबांच्या वेळची विहीर होती. घरातल्या प्रत्येकाला विहीर होती हे ठाऊक होतं, पण ती नेमकी कुठे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. "मागच्या दारी" एवढंच सगळे म्हणायचे. प्रत्यक्षात ती पुढच्या अंगणात निघाली, कारण मधल्या काळात रस्ता दुसऱ्या बाजूला झाला आणि घराचं तोंडच फिरलं होतं.

त्यानंतर नात्यातल्या आणि ओळखीतल्या चार जागांवर बुजलेल्या विहिरी शोधायला मी गेलो. तीन सापडल्या, एक सापडली नाही. त्या शोधांतून जे हाताशी आलं ते क्रमाने लिहितो आहे. जुनं घर वाटणीत आलेल्यांना, गावठाणात जागा घेतलेल्यांना किंवा पुनर्विकासाला निघालेल्यांना ते कामी येईल.

विहीर शोधायची ती पाण्यासाठी, असं बहुतेकांना वाटतं. पाणी मिळालं तर चांगलंच, पण पहिलं कारण पायाखालची जमीन आहे. जून २०२१ मध्ये घाटकोपरला एका सोसायटीच्या आवारात उभी असलेली मोटार बघता बघता पाण्यात बुडाली. अर्धी विहीर स्लॅबने झाकून त्यावर गाड्या लावत असत. ३० मार्च २०२३ ला रामनवमीच्या दिवशी इंदूरच्या एका मंदिरात बारवेवरचा स्लॅब कोसळून ३६ माणसं गेली. दोन्हीकडे वर वावरणाऱ्या माणसांना खाली पोकळी असल्याची जाणीव राहिली नव्हती. आमच्या टेम्पोच्या जागी मुलं खेळत असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शोधाआधी जागा बंद करा

विहीर होती अशी नुसती कुणकुण लागली तरी संशयाच्या भागात गाडी, विटा, रेती, पाण्याची टाकी काहीही ठेवू नका. दोरी किंवा बांबू बांधून जागा अडवा आणि मुलांना तिथे जाऊ देऊ नका. जेसीबी तर मुळीच बोलावू नका. कंत्राटदार म्हणेल की दोन तासांत सगळं उकरून देतो. त्या यंत्राचं वजन सात-आठ टनांचं असतं आणि ते तुमच्या न सापडलेल्या विहिरीवरच उभं राहील. जेसीबीने उकरताना विहिरीच्या काठाचे दगड उखडले जातात, ते वेगळंच. मग कडा कुठे होती हेही कळत नाही.

त्या भागात चालायचं झालं तर जाड लांब फळ्या टाकून त्यांवरून चाला. एकट्याने जाऊ नका, दुसरा माणूस बाहेर हवाच.

तुम्ही नेमकं काय शोधता आहात

आपल्याकडच्या सगळ्या विहिरी एका मापाच्या नाहीत. घराजवळचा पिण्याच्या पाण्याचा आड अरुंद असतो, तोंड साधारण तीन ते पाच फुटांचं. भाजीपाल्याच्या किंवा फळझाडांच्या वाडीतली विहीर मोठी, बारा ते वीस फुटांची. तिला एका बाजूने मोट चालवायची सोय असेल तर बैलांची उतरती धाव आणि पाणी ओतायचं दगडी थारोळं असतं, पुढे पाट निघतो. विहीर बुजवली तरी थारोळ्याचा दगड बहुधा तिथेच पडून राहतो, कारण तो हलवायला जड. पायऱ्यांची विहीर गोलच असेल असं नाही, ती लांबोडकी किंवा चौकोनी असू शकते. आगरी-कोळी घरांत विहिरीला 'बाव' म्हणणारी माणसंही भेटतील, तेव्हा विचारताना तोही शब्द वापरा.

खालचा खडक सगळीकडे काळा पाषाणच. वर माती, मग मुरूम, मग पाषाण. त्यामुळे आपल्या भागातली विहीर वरच्या मातीत आणि मुरमात दगडांनी बांधून काढलेली असते, आणि खाली खडक लागला की तिथून पुढे नुसती खोदलेली असते. तुम्हाला शोधायचं आहे ते वरचं दगडी कडं. जुनं बांधकाम चुन्याचं, नंतरचं सिमेंटचं.

ती बंद कशी केली यावर शोधाची सगळी रीत ठरते. नळ आल्यावर कुणी फळ्या, रेल्वेचे जुने रूळ किंवा शहाबादी टाकून वर माती ओढली. कुणी स्लॅब घातला. कुणी राबिट, म्हणजे पाडकामाच्या विटा-दगडांचा चुरा, टाकून तोंडापर्यंत भरली. डास होतात म्हणून झाकलेल्याही पुष्कळ. मुंबईत विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मलेरियामुळे विहिरी झाकण्याची मोहीम झाली होती, कारण मलेरिया पसरवणारी ॲनोफिलीस स्टिफेन्सी ही डासाची जात विहिरीच्या स्वच्छ पाण्यात वाढते. या सगळ्यांत नुसती झाकलेली, आत पोकळ असलेली विहीर सर्वांत धोक्याची. चौथा प्रकार लोक सांगायला लाजतात : विहिरीत संडासाचं पाणी सोडलेलं असतं. गावठाणात दाटी वाढली तेव्हा हे झालं आहे. विचारताना ते आवर्जून विचारा, कारण आतला वायू त्यावर अवलंबून असतो.

पहिली पायरी : पाणी भरलेल्या बायकांना विचारा

पुरुषांना हद्द आठवते, बायकांना विहीर. रोज दहा-बारा खेपा ज्यांनी घातल्या त्यांच्या पायांना ती वाट ठाऊक असते. म्हणून आधी घरातल्या, शेजारच्या आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या म्हाताऱ्या बायकांना गाठा. सासरी गेलेल्या आत्याची आठवण जास्त कामाची ठरते. ती गेली तेव्हाचं घर तिच्या डोळ्यांसमोर तसंच असतं, नंतरचे बदल त्यात मिसळलेले नसतात.

"विहीर कुठे होती?" असं विचारलं की "तिकडे मागे" असं उत्तर येतं. प्रश्न बदला. पाण्याला कोणत्या दाराने निघायचात? सकाळी भरलेला हंडा घेऊन येताना ऊन तोंडावर यायचं की पाठीवर? कपडे धुतलेलं पाणी कुणाच्या अळवाला जायचं? विहिरीवरून चुलीचा धूर दिसायचा का? मे महिन्यात दोर किती लागायचा आणि श्रावणात किती? दोराच्या लांबीवरून खोलीचा अंदाज येतो. लग्नात हळदीचं पाणी कुठून आणलं? बाळंतिणीने पाण्याची पूजा कुठे केली? अशा प्रसंगांच्या आठवणी पक्क्या असतात.

घणसोलीत एका घरी ऐंशीच्या पुढच्या आजी होत्या. त्यांच्यापुढे नकाशा धरला तर त्यांना काहीच सांगता येईना. मग त्यांना हाताला धरून जुन्या चुलीच्या जागेवर नेलं आणि म्हटलं, "आजी, पाण्याला निघालात असं समजा नि चालून दाखवा." त्यांनी डावा हात कमरेशी वळवला, जणू कळशी आहे, आणि निघाल्या. सतरा पावलांवर उजवीकडे वळल्या. तिथे आता काहीच नव्हतं. "आंबा होता, वळूनच जावं लागायचं," म्हणाल्या. आणखी सहा पावलं टाकून थांबल्या आणि पायाने जमीन दाखवत म्हणाल्या, "हितं हंडा टेकवायचो." दगडी कडं त्या जागेपासून चार फुटांवर सापडलं.

पावलं मोजताना एक लक्षात ठेवा. म्हाताऱ्या माणसाचं पाऊल आज लहान पडतं. त्यामुळे पावलांचा आकडा तिने तेव्हा सांगितला आणि आज चालून दाखवला यांत फरक पडेल. दिशा आणि वळण यांवर जास्त भरवसा ठेवा. शक्य तर दोघींना वेगवेगळं चालायला सांगा, एकमेकींसमोर नको.

दुसरी पायरी : कागद

गावठाणाबाहेरची शेतजमीन असेल तर सातबारा बघा, आणि आजचा नव्हे, जितका जुना मिळेल तितका. गाव नमुना ७ वर 'इतर अधिकार' या रकान्यात विहिरीची किंवा तिच्यातल्या हिश्शाची नोंद सापडते. नमुना १२ मध्ये जलसिंचनाच्या साधनाचा रकाना असतो. एका वर्षापर्यंत तिथे 'विहीर' आहे आणि पुढच्या वर्षांत तो रकाना कोरा आहे, असं दिसलं तर विहीर साधारण कधी वापरातून गेली तेही कळतं. ठाण्याचे पुष्कळ जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन होऊन राज्य सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर आले आहेत. तिथे न मिळाले तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा.

गावठाणाच्या हद्दीत सातबारा नसतो. तिथे नगर भूमापन झालं असेल तर मालमत्ता पत्रक आणि त्यासोबतचा नकाशा मागवा. त्या नकाशावर विहिरीची गोल खूण असू शकते.

सगळ्यांत उपयोगी कागद बहुतेकांच्या घरातच असतात, ट्रंकेत : खरेदीखत आणि वाटणीपत्र. खरेदीखताच्या चतुःसीमेत "पूर्वेस सामाईक विहीर" असं एक वाक्य सापडलं की अर्धं काम झालं. वाटणीपत्रात विहिरीतला हिस्सा, पाण्याची पाळी आणि विहिरीवर जाण्यायेण्याचा हक्क लिहिलेला असतो. तो हक्काचा रस्ता कुठून कुठे, हे बघा. स्वातंत्र्याच्या आधीचे कागद मोडीत असले तर मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. अंदाजाने वाचू नका, 'हात' आणि 'वार' यांत चूक झाली तर शोध अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाईल.

भूमी अभिलेख कार्यालयात मूळ मोजणीचं टिपण मिळतं. त्यातली मापं साखळी आणि आण्यांत असतात आणि नवख्या माणसाची इथेच गाडी अडते. एक साखळी म्हणजे ३३ फूट, आणि तिचे १६ आणे. टिपणात बांधाच्या कोपऱ्यापासून विहिरीच्या खुणेपर्यंत ३ साखळ्या ४ आणे लिहिले असतील तर ३३ ला सव्वातीनने गुणा : १०७ फूट आणि वर ३ इंच, म्हणजे सुमारे ३२.७ मीटर. पण हे माप ज्या कोपऱ्यापासून घेतलं तो कोपरा आज रस्त्यात गेलेला असू शकतो. म्हणून एकाच मापावर न विसंबता दोन जुन्या, न हललेल्या खुणांपासून माप काढा. गावचं देऊळ, हद्दीचा दगड, जुनी चिंच, यांपैकी काहीतरी उरलेलं असतंच.

नवी मुंबईत वाट थोडी वेगळी. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनी प्रकल्पात आल्या. आजच्या सातबाऱ्यावर तुम्हाला फक्त संपादनाची नोंद दिसेल. संपादनाआधीचा सातबारा काढा, आणि भूसंपादनाच्या निवाड्याची प्रत मिळवा. मोबदला ठरवताना झाडं, घरं, विहिरी यांचं मूल्यांकन होत असे, त्यामुळे निवाड्यात विहिरीची नोंद गटवार सापडू शकते. पनवेल बाजूची जागा असेल तर १९८१ आधीच्या कागदांवर जिल्हा 'कुलाबा' लिहिलेला असेल. शोधताना रायगड म्हणून अडून बसू नका.

तिसरी पायरी : जुने फोटो आणि वरून दिसणारी जागा

लग्नाचे, मुंजीचे, बारशाचे अल्बम काढा. फोटोत नवरा-नवरीकडे न बघता त्यांच्या मागे बघा. कठडा, रहाटाचे खांब, पंपाची खोली, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी यांतलं काही दिसतं का? मग फोटोतल्या दोन अशा गोष्टी शोधा ज्या आजही जागेवर आहेत, समजा देवळाचा कळस आणि शेजारच्या घराचा कोपरा. त्या दोन्ही फोटोसारख्या एका रेषेत दिसतील अशी जागा चालत चालत शोधा. फोटो काढणारा तिथे उभा होता आणि विहीर त्या रेषेच्या जवळपास कुठेतरी आहे.

गूगल अर्थवर जुन्या तारखांची उपग्रह चित्रं मागे सरकवून बघता येतात. एप्रिल-मेमधलं चित्र घ्या. पावसाळ्यातल्या चित्रात सगळं हिरवं असतं, त्यातून काही कळत नाही. विहीर त्याआधीच बुजली असेल तर हे चित्र फार मदत करणार नाही, पण जुनी पायवाट आणि बांध दिसतात, आणि पायवाटा विहिरीकडे वळलेल्या असतात.

चौथी पायरी : जमीन वाचा

हे काम एका दिवसाचं नाही. आपल्याकडे चार महिन्यांत साधारण अडीच हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि उरलेले महिने जमीन वाळत जाते. या बदलातच विहीर स्वतःला दाखवते. म्हणून निदान दोन ऋतूंत जागेवर फिरा.

दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की बघा. सगळं पिवळं पडल्यावर एखादा गोल पट्टा महिनाभर जास्त हिरवा राहिला तर तिथे खाली ओल आहे. याच्या उलटही होतं : खाली स्लॅब असेल आणि वर वीतभर माती, तर तेवढाच गोल सगळ्यांत आधी वाळतो. तेव्हा नुसता हिरवेपणा शोधू नका, आजूबाजूपेक्षा वेगळा गोल शोधा.

पहिल्या जोराच्या पावसात छत्री घेऊन बाहेर या. राबिट टाकून भरलेल्या विहिरीवर पाणी साचत नाही, आत मुरतं, आणि मुरताना आतली हवा बाहेर येऊन बारीक बुडबुड्यांची रांग उठते. भात उकळताना कडेने येतात तसे. चिकणमातीने भरली असेल तर भरावाची जमीन खचून ताटासारखी खोलगट होते आणि तिथलं डबकं सगळ्यांच्या शेवटी आटतं. संध्याकाळी तिरप्या उन्हात अंगणाकडे जमिनीला डोळे टेकवून बघितलं की असा दोन-तीन इंचांचा खोलगटपणाही सावलीने उठून दिसतो.

दगड तपासा. पायरीला, तुळशीवृंदावनाला किंवा कुंपणाला वापरलेल्या दगडांत एखाद्याची कड बोटभर खोल खाचांनी झिजलेली दिसली तर त्या खाचा दोराच्या आहेत. तो दगड विहिरीच्या तोंडावरचा. तो मूळ जागी नसेल, पण जवळचाच असणार. घडीव दगडांच्या फटीतून पिंपळ, वड, उंबर उगवतात. त्यांची रोपटी एका वाकड्या ओळीत उभी दिसली तर खाली बांधकामाचं कडं आहे का ते बघायलाच हवं.

आणि शेंदूर लावलेले छोटे दगड. साती आसरा पाण्याच्या देवता, त्यांची जागा विहिरीच्या, तळ्याच्या काठी असते. विहीर बुजवणारे हातही आसरांना हलवत नाहीत. घोडबंदर रस्त्यालगतच्या एका वाडीत भिंतीच्या कडेला सात दगड होते आणि दर अमावास्येला कुणीतरी तिथे नारळ ठेवायचं, कशासाठी ते नवीन पिढीला माहीत नव्हतं. विहीर तिथून आठ फुटांवर होती.

पाणाड्याला बोलवावं का, असं हमखास विचारतात. हातात नारळ किंवा काडी घेऊन जागा दाखवणारी, पायाळू म्हणून मान असलेली माणसं आपल्याकडे आहेत आणि त्यांच्यावर मनापासून विश्वास असलेली घरंही. माझा सल्ला आहे की या कामासाठी त्यांच्यावर विसंबू नका. आपल्या भागात पावसाळ्यानंतर जवळजवळ कुठेही खणलं तरी पाणी लागतं, त्यामुळे 'इथे पाणी आहे' हे खरं ठरतंच. तुम्हाला पाणी शोधायचं नाही, दगडी कडं शोधायचं आहे.

पाचवी पायरी : सळई

आता आठवणी, कागद आणि जमीन यांनी दाखवलेल्या जागा एका कागदावर मांडा. जिथे निदान दोन गोष्टी जुळतात तो भाग आधी घ्या. खुंट्या आणि सुतळीने चौकटी आखा. चौकटीची बाजू अपेक्षित विहिरीच्या तोंडाच्या निम्मी ठेवा. चार फुटांचा आड शोधत असाल तर दोन फुटांवर एक टोचा, मोठी विहीर असेल तर पाच-सहा फुटांवर चालेल. यापेक्षा विरळ टोचलं तर विहीर दोन टोच्यांच्या मधून निसटते.

त्याआधी जमिनीखालून महावितरणची केबल, महानगर गॅसची नळी किंवा पाण्याची लाइन गेली आहे का याची चौकशी करा. ती खात्री झाल्याशिवाय सळई रोवू नका.

सळई १० ते १२ मिलीमीटर जाडीची, पाच फूट लांब, टोक घासून निमुळतं केलेलं, वर आडवा दांडा वेल्ड केलेला. दांड्याला रबराची नळी चढवा. फळीवर उभं राहून हाताच्या जोराने दाबा, अगदीच अडली तर हलका हातोडा. न हललेल्या मुरमात सळई खरखरत, अडखळत वीतभर जाते आणि टोकाला पिवळट-तांबूस माती चिकटून येते. भरावात ती झटक्याने फूटभर जाते, मग वीट लागते, मग परत रिकामी जाते, आणि टोकाला विटेचा लाल भुगा, कोळसा, कधी कौलाचा तुकडा येतो. स्लॅबवर किंवा शहाबादीवर टणकन आवाज होऊन हाताला झिणझिणी येते, आणि शेजारच्या तीन-चार टोच्यांनाही त्याच खोलीवर तसंच होतं. सुटा दगड असेल तर शेजारी लागत नाही.

सळई एकदम दांड्यापर्यंत आत गेली तर तिथेच थांबा, फळीवरूनच मागे या आणि जागा नव्याने अडवा.

प्रत्येक टोच्याची खोली आणि काय लागलं ते चौकटीत लिहा. पंचवीस-तीस टोचे झाले की कागदावर गोल आपोआप उमटायला लागतो.

नवी मुंबईत खाजणावर आणि खोलगट शेतांवर भराव टाकून पातळी वर आणली आहे. तिथे विहिरीचं तोंडच दीड-दोन मीटर खाली असेल आणि सळई तिथवर पोचणार नाही. मला न सापडलेली विहीर अशाच जागेतली, खाडीजवळची. अशा ठिकाणी यंत्रांचा खर्च करावा लागतो. रडारने जमिनीखालचं चित्र घेणारे सर्वेक्षक मिळतात, पण खाऱ्या, चिकट, ओल्या मातीत रडारची लहर लगेच विरून जाते. त्यामुळे खाडीकाठी त्याचा उपयोग कमी. मुरमाच्या उंच जागेवर, एप्रिल-मेमध्ये, तो चांगला चालतो. ओल्या भरावाच्या जागी विद्युत-रोधाची चाचणी जास्त बरी. चुंबकीय मोजणी सुचवली तर नाही म्हणा, आपला काळा पाषाण स्वतःच चुंबकीय असल्यामुळे मापं गोंधळतात. आमच्या त्या खाडीकाठच्या जागेवर यातलं काहीच स्पष्ट निघालं नाही. शेवटी स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्याने संशयाच्या भागात बांधकाम न करता तेवढी जागा मोकळी सोडली.

सहावी पायरी : चर आणि वर्तुळ

सळईने दाखवलेल्या गोलाच्या बाहेरून आत येणारा एक अरुंद चर हाताने खणा. कुदळ, फावडं, घमेलं, बस्स. बाहेरून सुरुवात करायची ती यासाठी की तुम्ही घट्ट जमिनीवर उभे असता. एक-दोन फुटांवर घडीव दगडांची ओळ लागेल, मधे पांढरा चुना. ओळ वाकडी जाते का बघा. सरळ गेली तर तो जुन्या घराचा पाया किंवा सेप्टिक टाकीची भिंत आहे.

पूर्ण गोल उघडायची गरज नाही. कड्याचा सहा-सात फुटांचा तुकडा मोकळा झाला की हिशोबाने मध्य काढता येतो. कड्यावर दोन बिंदू घेऊन त्यांच्यात सुतळी ताणा. समजा ती २ मीटर आहे. सुतळीच्या मध्यापासून कड्यापर्यंत काटकोनात अंतर मोजा. समजा ते २५ सेंटीमीटर, म्हणजे ०.२५ मीटर आलं. सुतळीच्या लांबीचा वर्ग करा, ४. त्याला त्या अंतराच्या आठपटीने, म्हणजे २ ने भागा, २ आले. त्यात त्या अंतराचं निम्मं, ०.१२५ मिळवा. त्रिज्या २.१२५ मीटर, म्हणजे विहीर सव्वाचार मीटरची, जवळपास चौदा फुटांची. सुतळीच्या मध्यातून जाणाऱ्या त्याच काटकोनाच्या रेषेवर, सुतळीपासून नव्हे तर कड्यापासून, तेवढं आत मोजलं की मध्य मिळतो. आता न खणता खडूने पूर्ण वर्तुळ आखता येतं.

सापडल्यावर

आत उतरू नका. हे वाक्य मी मदतीला जातो त्या प्रत्येक घरी पहिल्या दिवशीच सांगतो. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या विहिरीत प्राणवायू कमी होतो, कुजण्यातून कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठतात. हायड्रोजन सल्फाइडचा वास सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं वास गेला. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत पुरेशी नाही : दिवा पेटता राहिला तरी विषारी वायू असू शकतो, आणि मिथेन असेल तर भडका उडतो. हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की ती जागा माणसासाठी सुरक्षित धरत नाहीत, आणि हे फक्त वायुमापक यंत्रावर कळतं. कुणी आत पडलं किंवा आत बेशुद्ध झालं तर मागोमाग उडी घालू नका. विहिरींच्या अपघातांत दुसरा आणि तिसरा माणूस वाचवायला गेलेला असतो. १०१ किंवा ११२ ला फोन करा, वरून दोर सोडा, थांबा.

झाकण काढायचं काम अनुभवी माणसांना द्या आणि काम चालू असताना विहिरीच्या खोलीइतक्या अंतरात जड वाहन येऊ देऊ नका. खोली मोजायची तर बाजूला फळीवर पालथं झोपून, दोरीला वजन बांधून. पाण्याचा नमुना तपासून घेतल्याशिवाय ते पिऊ नका. गावठाणात शोषखड्डे जवळ असतात. बागेला, धुण्याला, संडासाला ते पाणी चालेल.

पुढे काय करायचं हा घराघराचा निर्णय. माझं मत स्पष्ट आहे : पोकळ विहीर राबिट टाकून बुजवू नका. भराव वर्षानुवर्षं बसत राहतो आणि वरची फरशी फुटते. शक्य असेल तर कठडा बांधून, वर लोखंडी जाळी आणि डासांसाठी बारीक जाळी लावून ती जिवंत ठेवा, आत गप्पी मासे सोडा, छपराचं पावसाचं पाणी गाळणीतून तिच्यात सोडा. बुजवावीच लागली तर प्रभाग समितीच्या कार्यालयात आधी विचारा आणि इंजिनिअरच्या देखरेखीखाली थरांनी भरा. बांधकाम होणार असेल तर विहिरीचा मध्य आणि व्यास इंजिनिअरला लेखी द्या, तोंडी नको.

शेवटचं काम अर्ध्या तासाचं आहे आणि तेच लोक टाळतात. घराच्या दोन कोपऱ्यांपासून आणि एका कायमच्या खुणेपासून मध्यापर्यंतची तीन अंतरं मोजा, कागदावर लिहा, तारीख घाला, फोटो जोडा आणि प्रती खरेदीखतासोबत, भावंडांकडे आणि शेजाऱ्यांकडे ठेवा. आमच्या कागदावर बाळकुमच्या विहिरीची तीन अंतरं आहेत, व्यास ३.१ मीटर आणि खोली ८ मीटर. त्याच कागदाच्या मागे आता पाण्याची पातळी लिहितो. पहिल्या वर्षी मेअखेर पाणी काठापासून सव्वापाच मीटर खाली होतं, ऑगस्टमध्ये दीड मीटरवर आलं.